एकट्यानं शहाणा, घोळक्यात ओढाळ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरला राजेंद्र नगरात राहता. ब्रूनो, दीड वर्षांचा लॅब्राडोर, नर, वजन ३२ किलो. रोज संध्याकाळी गल्लीत तुमच्याबरोबर नीट चालतो. रविवारी सकाळी मात्र सहा-सात जण आपापले कुत्रे घेऊन एकत्र फिरायला जाता, तेव्हा घरातून निघाल्यापासून तो तुम्हाला ओढत नेतो, खोकतो, तरी थांबत नाही. चोक चेन (ओढलं की गळ्याभोवती आवळणारी साखळी) लावून झाली, हार्नेस (छाती-पाठीभोवती बांधायचे पट्टे) लावून झाला, ओढलं की जागच्या जागी उभं राहण्याची युक्तीही करून झाली. आठवड्यातले दोन दिवस ६८ वर्षांचे वडील त्याला नेतात, त्यांची काळजी वाटते.

यातला कळीचा तपशील तुम्ही ओघात लिहून गेलात: ‘घरातून निघाल्यापासून’. म्हणजे ओढाओढ सुरू होते तेव्हा समोर एकही कुत्रा नसतो. सकाळची वेळ, तुमचे बूट, खांद्याची पिशवी, फाटकातून कुठल्या बाजूला वळलात, एवढ्यावरून त्याला कळतं की आज मित्र भेटणार. चौकात पोचेपर्यंत तो इतका पेटलेला असतो की तिथे काही शिकवलं तरी डोक्यात शिरत नाही. लीशवर, म्हणजे हातात धरायच्या पट्ट्यावर, चालणं त्याला येतं, संध्याकाळी तो ते दाखवतोच. पण कुत्रा एका जागी शिकलेली गोष्ट दुसऱ्या जागी आपोआप लावत नाही. गल्लीतला धडा त्याच्या लेखी गल्लीपुरता असतो.

दुसरं, ओढण्याला दर रविवारी पगार मिळतो. तो ओढतो, तुम्ही चार पावलं फरफटत जाता आणि तो मित्राच्या चार पावलं जवळ पोचतो. त्या क्षणी त्याला जगातलं सगळ्यात हवं असलेलं बक्षीस ओढल्यामुळेच मिळालं. तुम्ही दहापैकी सात वेळा थांबलात आणि तीन वेळा वाहत गेलात, तर सवय मोडत नाही, उलट चिवट होते. कधी मिळतं, कधी नाही, अशा बक्षिसासाठी कुत्रा जास्त नेटानं प्रयत्न करतो. म्हणून ‘अजून जोरात कसं धरू’ हा प्रश्न बाजूला ठेवा. पेटण्याआधीच अंतर राखायचं आणि मित्रांजवळ जाण्याचा रस्ता ढिल्या लीशनंच उघडायचा, या दोन गोष्टींभोवती पुढचं सगळं आहे. त्यात निम्मं काम ब्रूनोचं आणि निम्मं तुमच्या मंडळींचं आहे. घोळका तसाच ठेवून एकट्या कुत्र्याला सुधारणं फार अवघड जातं.

आता काय कशावर अवलंबून आहे तेही सांगतो. मी धरून चालतोय की ब्रूनो खेळायच्या ओढीनं धावतो. अंग सैल, तोंड उघडं, शेपूट कमरेसकट हलतंय, कुंई कुंई करतोय, तर तसंच आहे. पण अंग ताठ, तोंड मिटलेलं, नजर एका कुत्र्यावर खिळलेली, पुढचे पाय रोवलेले, असं दिसत असेल तर ती भीती किंवा चीड असू शकते. मग रविवारचा घोळका पूर्ण बंद ठेवा आणि वर्तनाचा जाणकार गाठा, कारण खालची पायरी-पायरीची पद्धत त्याला फार घाईची ठरेल. खोकला पट्टा सैल असताना, घरी बसल्यावरही येत असेल तर आधी पशुवैद्य. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला फार लांब नाही. लॅब्राडोरमध्ये खुब्याचे आणि कोपराचे त्रास बरेच दिसतात. उठताना जड जातं का, एखादा पाय उचलून धरतो का, तेही तपासून घ्या. दुखऱ्या अंगानं चालणारा कुत्रा नीट शिकत नाही.

साधनांबद्दल. चोक चेन आजच काढून ठेवा. ओढणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यावर ती श्वासनलिका दाबते, डोळ्यांतला दाबही वाढवते. शिवाय समोर मित्र दिसला की गळा आवळला जातो, हे पुरेशा वेळा घडलं तर कुत्रा त्या दुखण्याचा संबंध मित्राशी जोडतो. खेळकर कुत्रे लीशवर गुरगुरायला लागतात त्यामागे बरेचदा हेच असतं. हार्नेसचा उपयोग झाला नाही म्हणता, तर मला वाटतं त्याचा हूक पाठीवर लावला होता. पाठीवरच्या कडीला लीश लावली की ओझं छातीवर येतं आणि कुत्र्याला ओढायला सोयीचं जातं, बैलाच्या खांद्यावर जू ठेवल्यासारखं. छातीवर कडी असलेला हार्नेस घ्या. समोरून पाहिलं तर पट्टे इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखे दिसायला हवेत. आडवा पट्टा खांद्याच्या सांध्यावरून जात असेल तर चाल बिघडते. प्रत्येक पट्ट्याखाली दोन बोटं जावीत आणि पोटाचा पट्टा कोपरापासून तीन-चार बोटं मागे असावा, नाहीतर काखेत सोलवटतं. उलट्या पावली सरकून हार्नेसमधून निसटणारे कुत्रे असतात, म्हणून हार्नेसची कडी आणि गळ्यातला पट्टा एका छोट्या जोडपट्टीनं बांधून ठेवा. छातीवरच्या कडीनं एवढंच होतं, की त्यानं जोर लावला तर तो सरळ पुढे न जाता बाजूला वळतो. ही कडी तुमचा ब्रेक आहे. चालायला शिकवण्याचं काम ती करत नाही.

लीश १.८ ते २ मीटर, २० मिलिमीटर रुंद, नायलॉनची किंवा जाड सुती नवारीची. हूक पितळी किंवा स्टीलचा, फिरता. हलक्या ओतीव धातूचे हूक झटक्याला तुटतात. साखळी नको, तिचं वजन सतत लोंबतं आणि हात सोलतो. बटण दाबून लांबणारी लीश घोळक्यात मुळीच नको. ती कायम थोडी ताणलेलीच असते, त्यामुळे ‘ताण लागला की पुढे जायला मिळतं’ हाच धडा ती मिनिटामिनिटाला देते, आणि तिची बारीक दोरी दुसऱ्या कुत्र्याच्या पायात अडकली की कापते. लीशचा फास मनगटात घालू नका. फास अंगठ्यात अडकवा, मूठ मिटा, उरलेली लीश घडी करून त्याच मुठीत धरा. ३२ किलोचा कुत्रा एकदम झेपावला तर मनगटात अडकलेली लीश माणसाला पाडते.

पहिले दोन आठवडे रविवारचा घोळका नको. हे जीवावर येईल, पण प्रत्येक ओढाळ रविवार मागच्या सहा दिवसांची मेहनत धुऊन नेतो. या काळात गच्चीवर किंवा रिकाम्या गल्लीत रोज दोन-तीन वेळा पाच-पाच मिनिटं काम करा. खाऊ म्हणून उकडलेलं चिकन किंवा बिनमिठाचं पनीर, वाटाण्याएवढे तुकडे. शंभर ग्रॅम चिकनचे सहज शंभरेक तुकडे होतात, तेवढं रोजच्या जेवणातून कमी करा. खाऊ कमरेच्या पिशवीत, हातात नाही. हातात दिसला तर तो हाताकडे बघून चालतो आणि हात रिकामा झाला की विसरतो.

एक शब्द ठरवा, ‘छान’ पुरेसा आहे. ब्रूनो तुमच्या डाव्या पायाशी, लीश खाली झुलते आहे, त्याच क्षणी ‘छान’, आणि मग खाऊ. खाऊ कुठे देता याला फार महत्त्व आहे. तुमच्या डाव्या विजारीच्या शिवणीला हात चिकटवून, गुडघ्याच्या किंचित मागे द्या. बहुतेक लोक हात पुढे करून देतात, मग कुत्रा खाऊ घ्यायला पुढे येतो आणि पुढेच राहायला शिकतो. पहिल्या मिनिटाला दर दोन-तीन पावलांवर, मग पाच, मग आठ, मग मध्येच तीन, असं अनियमित करत न्या. सोबत ‘वळ’ शिकवा: शब्द आधी, मग तुम्ही सावकाश गोल वळता, तो मागून येऊन शिवणीशी पोचला की खाऊ. हा शब्द लीश ताणण्याच्या आधी वापरायचा असतो. त्याचे कान पुढे झाले, मान उंचावली, चालीचा वेग वाढला, की लगेच. ताण बसल्यावर वळलात तर ती नुसती खेचाखेच होते.

उभं राहण्याची युक्ती तुमच्याकडे का चालली नाही, तेही याच ओघात. एकटं असताना ती चालते. घोळक्यात तुम्ही थांबता तेव्हा बाकीचे पुढे जातात, अंतर वाढतं, आणि आधीच उतावीळ असलेला कुत्रा आणखी बेभान होतो. शिवाय बरेच कुत्रे यातून एक साखळी शिकतात: ओढ, थांब, मागे वळून बघ, खाऊ घे, पुन्हा ओढ. तुम्हाला वाटतं तो सुधारतोय, त्याला वाटतं ओढण्यानंच खेळ सुरू होतो. आणखी एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. ओढण्याचा पगार बंद झाला की तीन-चार दिवस तो पूर्वीपेक्षा जास्त ओढेल. अनेक जण तिथेच हात टेकतात. खरं तर जुनी सवय मोडायला लागल्याची ती खूण आहे, त्या दिवसांत नियम अजिबात सैल करू नका.

घरातून निघण्याचा विधी मोडणंही या दोन आठवड्यांतच. रविवारी सकाळी तीच पिशवी, तेच बूट घाला आणि नुसती पोळी लाटायला घेतल्यासारखे स्वयंपाकघरात जाऊन उभे राहा. लीश अडकवा, काढा. फाटक उघडा, बंद करा. त्याचे चारही पाय जमिनीवर आणि लीश ढिली असेल तेव्हाच उंबरा ओलांडायचा. पहिल्या दिवशी फाटकातच दहा मिनिटं जातील. जाऊ द्या, ती दहा मिनिटं फिरण्यातच धरा.

निघण्याआधी त्याला बॉल फेकून दमवायचं, असं बरेच जण सुचवतात. मी सुचवणार नाही. बॉलमागे धावून शरीर दमतं आणि डोकं आणखी तापतं. त्याऐवजी केट रोडकडच्या एखाद्या रिकाम्या, कुंपण असलेल्या प्लॉटवर पाच मीटरच्या लांब दोरीवर दहा-पंधरा मिनिटं नुसतं हुंगू द्या. गवतात मूठभर खाऊ विखरून ठेवा. नाक खाली घालून हुंगणारा कुत्रा शांत होतो, अंग सैल पडतं. लांब दोरी नेहमी पाठीवरच्या कडीला, छातीच्या कधीच नाही, नाहीतर धावत जाऊन दोरी संपली की पाठ मुरगळते.

तिसऱ्या आठवड्यात घोळक्यातला सगळ्यात शांत कुत्रा आणि त्याचा मालक, एवढेच दोघे बोलवा. समोरासमोर भेटू नका. रस्त्याच्या दोन बाजूंना, एकाच दिशेनं, १५ मीटर अंतर ठेवून चाला, दोघांचे कुत्रे बाहेरच्या बाजूला आणि माणसं मध्ये. अंतर बरोबर आहे का हे ओळखायला खाऊच वापरा. एक तुकडा द्या. ओठांनी हळुवार घेतला तर अंतर ठीक. हिसकावला, बोटांना दात लागले, तर तो तापायला लागलाय, पाच मीटर लांब जा. तोंडात घेतला आणि टाकून दिला, किंवा बघितलाच नाही, तर तुम्ही फार जवळ आलात, तिथे शिकवणं शक्य नाही, शांतपणे लांब निघा. सलग पाच मिनिटं हळुवार खात असेल तर दोन मीटर जवळ या. पुन्हा बिघडलं तर पुन्हा लांब. एकाच सकाळी १५ मीटरवरून तीनवर यायचा हट्ट नको. दोघे तीन-चार मीटरवर सैल चालायला लागले की तिसरा कुत्रा घ्या, आणि तिसरा आला की अंतर परत दहा मीटर करा. घोळक्यात एक कुत्रा वाढला की अंतर वाढवायचं, हे लोक हमखास विसरतात.

इथून पुढे ब्रूनोला हवं असलेलं खरं बक्षीस वापरता येतं. दहा पावलं ढिली लीश, की ‘जा, भेट’ म्हणून त्याला मित्राजवळ न्या. सरळ नाकावर नाक नको, अर्धवर्तुळात वळसा घालून बाजूनं. दोन्ही लीशा झुलत्या असल्या पाहिजेत. मनातल्या मनात तीन मोजा, ‘वळ’ म्हणा, लांब जाऊन खाऊ द्या. ताणलेल्या लीशवर भेटणाऱ्या कुत्र्याची छाती वर उचलली जाते, मान ताठ होते, तो पुढच्या पायांवर तोललेला असतो. समोरच्या कुत्र्याला ही चाल करून येण्याची ढब दिसते. मालक म्हणतात ‘माझा तर फक्त खेळायला बघत होता’, आणि ते खरंही असतं, पण लीशनं त्याच्या अंगाचा अर्थ बदलून टाकलेला असतो.

आता मंडळींशी बोलायचं ते. हे स्पष्ट बोला, कारण यातच अर्धं यश आहे. चौकात गोल करून गप्पा मारत एकमेकांची वाट बघणं बंद करा. ती दहा मिनिटं कुत्रे एकमेकांकडे तोंड करून ताणलेल्या लीशवर उभे असतात, दिवसभराची ओढाओढ तिथेच पेटते. जो येईल त्यानं चालतच सुरुवात करावी. पहिली दहा मिनिटं कुणीच कुणाला भेटवायचं नाही. दोन मीटरच्या दोन लीशा आणि दोन हात धरले तर दोन कुत्रे एकमेकांपर्यंत पोचू नयेत म्हणून माणसांमध्ये किमान पाच मीटर लागतात. सात जणांची रांग मग तीस मीटरची होते, कॉलनीच्या रस्त्यावर ते जमत नाही. म्हणून तीन आणि चार अशा दोन तुकड्या करा आणि मधे एका गल्लीचं अंतर ठेवा. ब्रूनोची जागा शेवटी आणि कडेला. शेवटचा राहून मागे पडल्यासारखं वाटून तो कासावीस होत असेल तर पुढे न्या, हे कुत्र्यागणिक बदलतं, दोन्ही करून बघा. बॉल आणि वाजणारी खेळणी घरी ठेवा. सगळ्यांची रेबीजची लस चालू आहे ना, हेही एकदा विचारून घ्या.

पहिल्यांदा पूर्ण तुकडीत जाल तेव्हा दहाच मिनिटं जा आणि सगळं चांगलं चाललेलं असतानाच घरी वळा. पुढच्या रविवारी पंधरा. तास-दीड तासाच्या फेरीत शेवटच्या वीस मिनिटांत कुत्रा आणि माणूस दोघंही थकतात आणि नियम सुटतात.

रस्त्यावरचे तीन प्रसंग इथले नेहमीचे आहेत. मोकाट कुत्र्यांची हद्द ठरलेली असते, कुठल्या खांबापासून ते उठतात हे तुम्हाला माहीत असेल. त्या खांबाच्या वीस मीटर आधीच वळा. सात पाळीव कुत्र्यांची फौज त्यांच्या दारावरून नेणं हे त्यांना आव्हान वाटतं. अंगावर आलेच तर पळू नका, ब्रूनोला आपल्या मागच्या बाजूला घ्या, मूठभर खाऊ त्यांच्या पुढ्यात जमिनीवर फेका आणि तिरकं चालत निघा. दुसरा, कचरागाडी गाणं वाजवत येते ती. आवाजानं दचकून झेपावणारे कुत्रे आहेत, गाडी लांब असतानाच बाजूच्या गल्लीत शिरा आणि जाईपर्यंत तुकडा-तुकडा खाऊ देत राहा. तिसरा, फेरी संपल्यावरची पोहे-जलेबी. ठेल्याभोवती सांडलेल्या शेवेसाठी ब्रूनो ओढणारच, आणि ओढून ती मिळाली की सगळा हिशेब बिघडतो. त्याहून महत्त्वाचं, पोह्यांत कांदा असतो आणि कांदा कुत्र्यांना विषारी आहे, त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. एकानं सगळे कुत्रे घेऊन पंधरा-वीस मीटरवर थांबणं शक्य नसतं, म्हणून नाश्ता घरी कुत्रा सोडल्यावर.

एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसहाच्या आत परत या. ओढणारा लॅब्राडोर फार लवकर तापतो. डांबरावर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवता आली नाही तर त्याच्या पंज्यांनाही ते सोसवणार नाही.

वडिलांबद्दल. शिकवण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकू नका, आणि त्यांनी एखाद दिवशी ओढू दिलं म्हणून वादही नको. त्यांच्या दोन फेऱ्यांसाठी वेगळा नियम ठेवा: सकाळी ६ च्या आधी किंवा रात्री ९ नंतर, कुत्रे नसलेल्या गल्लीत, वीस मिनिटं, आणि हुंगायला भरपूर वेळ. दोन टोकांना हूक असलेली लीश घ्या, एक हूक छातीवर आणि दुसरा पाठीवर लावा. तो झेपावला तर जोर दोन ठिकाणी वाटला जातो आणि वडिलांना दोन्ही हातांनी धरता येतं. तुमच्या सरावाला मात्र फक्त छातीची कडी वापरा. कुत्र्यांना हा फरक पंधरा दिवसांत कळतो. त्याला आवरणं वडिलांना तरीही जड जात असेल, तर थोड्या काळासाठी तोंडावर बसणारा हेड कॉलर वापरता येतो. आठवडा-दोन आठवडे घरातच खाऊ देत सवय लावावी लागते, आणि त्याला कधीही झटका द्यायचा नाही, मान दुखावते. वडिलांच्या पायात घट्ट तळाचे बूट हवेत, सपाता नकोत.

तिसरा आठवडा संपला की इथेच लिहा: १५ मीटरवर ब्रूनो खाऊ कसा घेतो, ओठांनी की दातांनी. त्यावरून पुढचं अंतर ठरवू.